रंगीत सिरॅमिकचा व्यवसाय उभा करताना : सातारा-सांगलीतील नवोदितांसाठी

कराड, सातारा किंवा सांगलीत राहून रंगीत, शोभेच्या सिरॅमिक वस्तू घडवून पोट भरता येते का, असे माझ्याकडे शिकायला येणारी मुले नेहमी विचारतात. येते, मात्र पहिले वर्ष विक्री बाजूला ठेवून माती, ग्लेझ (वस्तूवरचा चकचकीत काचेचा लेप) आणि भट्टी यांचे एकमेकांशी जुळवून घेण्यातच घालवावे लागते.

हात बसण्यासाठी आधी आपल्याच गावातल्या एखाद्या कुंभाराच्या चाकाजवळ बसावे. माती मळणे, तिच्यातली हवा काढणे आणि गोळा चाकाच्या मध्यावर आणणे या गोष्टी पाहून आणि करूनच येतात. पुढच्या शिक्षणासाठी बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे आणि मिरजेहून तिथे रेल्वेने जाता येते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात सिरॅमिकचा विभाग आहे.

कृष्णा-कोयनेच्या काठचा गाळ चाकावर सुरेख चढतो, आणि फुकट मिळतो म्हणून नवा माणूस त्यावरच काम सुरू करतो. ही माती लोहामुळे भाजल्यावर तांबडी होते; तिला साधारण 950 ते 1,050 अंश सेल्सिअसची आच मानवते आणि त्याहून बरीच जास्त दिली तर ती वाकते किंवा फुगते. तिचा खरा धोका मात्र चुनखडीचा आहे. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, तो पुढे हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि वस्तूच्या पृष्ठभागाची टिकली उडवतो. हे दुसऱ्या दिवशी घडते, तसेच महिन्यानेही घडू शकते. माझ्या पहिल्या मोठ्या मागणीतल्या 40 कुंड्यांपैकी निम्म्या अशाच गिऱ्हाइकाच्या अंगणात, ऐन पावसाळ्यात फुटल्या, आणि त्याचे कारण एवढेच होते की मी माती जाड चाळणीतून गाळली होती. म्हणून वाळलेल्या मातीच्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर चुना आहे असे समजावे. माती भरपूर पाण्यात भिजवून 80 नंबरच्या बारीक चाळणीतून गाळावी, निवळू द्यावी, आणि तिची भाजलेली लहान फरशी पावसाळी हवेत महिनाभर ठेवून मगच त्या मातीवर भरवसा ठेवावा. त्याच फरशीवर ओली असताना 10 सेंटिमीटरची रेघ ओढून ठेवावी. भाजल्यावर ती 9 सेंटिमीटर भरली, तर माती 10 टक्के आटते हे कळते, आणि झाकण व भांडे यांची मापे त्यावरून धरता येतात.

तांबड्या मातीवर थेट लावलेले रंग मळकट दिसतात. नखाने दाबल्यास खूण उमटते पण वस्तू वाकत नाही, इतपत ती सुकली की तिच्यावर पांढऱ्या मातीच्या पातळ स्लिपचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या मातीचा, थर द्यावा. दुसरा मार्ग कथिलाच्या ऑक्साइडने पांढऱ्या केलेल्या ग्लेझचा आहे. इटलीतली माजोलिका भांडी याच पद्धतीने रंगवली जातात. माझी स्वतःची पसंती स्लिपला आहे, कारण कथिल महाग पडते.

ग्लेझ म्हणजे वस्तूवर वितळून बसलेली काच. एके काळी काचेच्या कारखान्यात प्रभाकर कंदील घडवणाऱ्या ओगलेवाडीच्या शेजारी राहणाऱ्यांना काच परकी वाटू नये. ग्लेझमध्ये सिलिका काच बनते, अल्युमिना तिला ओघळू देत नाही आणि बोरॅक्ससारखे द्रावक तिला कमी आचेवर वितळवतात. या मूळ मिश्रणात धातूंची ऑक्साइडे मिसळली की रंग येतो. कोबाल्ट अर्धा ते एक टक्का घातला तरी गडद निळा मिळतो, लोह प्रमाणानुसार मधाळ रंगापासून काळपट तपकिरीपर्यंत जाते, आणि तांबे साध्या ग्लेझमध्ये हिरवे, तर सोडा जास्त असलेल्या ग्लेझमध्ये फिरोजी होते. सांगलीच्या हळदीसारखा लख्ख पिवळा साध्या ऑक्साइडांतून सहज मिळत नाही. त्यासाठी प्रेसिओडिमियम व झिरकॉनचा तयार स्टेन, म्हणजे भाजून दळलेली रंगाची भुकटी, विकत घ्यावा. क्रोम असलेल्या ग्लेझमधून निघणारी वाफ शेजारच्या कथिलयुक्त पांढऱ्या ग्लेझला गुलाबी करते, म्हणून ती दोन्ही एका भट्टीत भरू नयेत.

प्रत्येक रंगाच्या निदान चार फरशा वेगवेगळ्या प्रमाणात भाजाव्यात, मागे क्रमांक कोरावा आणि त्याच क्रमांकाने वहीत वजन, तापमान व तारीख लिहावी. या वहीशिवाय गेल्या वर्षीचा निळा पुन्हा कधीच मिळणार नाही. सुरुवातीला पाचच रंग पक्के करावेत. भाद्रपदात कासच्या पठारावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी शेजारी शेजारी पाहिले, की मोजक्या रंगांत किती श्रीमंती असते हे ध्यानात येते, आणि गिऱ्हाईकही पुढे त्याच रंगसंगतीवरून तुमचे काम ओळखू लागते.

ग्लेझवर केसासारख्या भेगांचे जाळे पडले, तर ग्लेझ निवताना मातीपेक्षा जास्त आकसते आहे असे समजावे. सिलिका थोडी वाढवल्यास बहुधा गुण येतो.

ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी संथ असावी. वस्तूतले पाणी पुरते निघून जाईपर्यंत तापमान 100 अंशांच्या आत राखावे, आणि 573 अंशांच्या आसपास क्वार्ट्‌झचे आकारमान बदलते म्हणून तिथे चढताना व उतरताना घाई करू नये. भट्टी 100 अंशांखाली आल्याशिवाय दार उघडू नये. शंभरेक लिटरच्या विजेच्या भट्टीला सहसा थ्री-फेज जोडणी लागते, तेव्हा जागा भाड्याने घेण्याआधीच मंजूर वीजभाराची चौकशी करावी. सुक्या मातीची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. कार्यशाळा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि भुकटी मिसळताना एन-95 मास्क लावावा.

शिसे असलेले ग्लेझ वापरू नये. तांब्याचे प्रमाण जास्त असलेल्या ग्लेझमधूनही लोणच्याच्या आंबटाने तांबे उतरू शकते, म्हणून अशा वस्तूच्या बुडाशी ‘फक्त शोभेसाठी’ असे भाजण्याआधीच लिहावे आणि गिऱ्हाइकाला तोंडीही सांगावे.

किंमत ठरवताना फुटलेल्या वस्तू विसरल्या जातात. समजा, एका भट्टीसाठी माती, रंग, वीज, भाडे आणि स्वतःची मजुरी धरून 12,000 रुपये खर्च आला आणि 30 वस्तूंपैकी 24 चांगल्या निघाल्या, तर एका वस्तूचा खर्च 500 रुपये होतो; तो 400 धरणारा माणूस प्रत्येक विक्रीत तोटा सोसतो. पारंपरिक कुंभारकाम करणाऱ्यांसाठी 2023 पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे.

आपल्या भागात घराच्या नावाच्या रंगीत पाट्या, वृंदावने आणि कुंड्या वर्षभर खपतात, तर पणत्यांचे काम दिवाळीपूर्वी वाळवायला ऊन हवे म्हणून पावसाळ्याआधीच सुरू करावे लागते. महाबळेश्वर-पाचगणीतली दुकाने बहुधा वस्तू ठेवून घेतात आणि विकल्यावर पैसे देतात. अशा वेळी नगांची यादी, दर, दुकानदाराचा हिस्सा आणि फुटल्यास भरपाई कोणाची, हे लेखी घ्यावे. पसरणी घाटाच्या वळणांवर खोके हलते, म्हणून प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळून भाताच्या पेंढ्यात घट्ट बसवावी आणि बंद खोके हलवून पाहावे; आत आवाज आला तर ते पुन्हा भरावे.