वजनाचं इंजेक्शन बंद करताय? शेवटच्या डोसआधीच करायची तयारी

मौंजारो (टिर्झेपेटाइड) मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) जूनमध्ये भारतात आलं. घेऊन वजन उतरलं, आता खर्च झेपत नाही, मळमळ होते किंवा मूल हवंय म्हणून थांबवायचं, अशी वेळ बऱ्याच जणांवर येते. तेव्हा एक गोष्ट पक्की धरून चालायची: भूक परत येणार आहे.

औषध चालू असतं तोवर जठर सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला पोट भरल्याचं लवकर कळतं. औषध उतरलं की दोन्ही संपतं. शिवाय बारीक झालेलं शरीर पूर्वीपेक्षा कमी उष्मांक जाळतं. सेमाग्लुटाइडच्या २०२२ च्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत आला. टिर्झेपेटाइड ३६ आठवडे घेऊन ज्यांचं बंद केलं, त्यांचं वजन पुढच्या वर्षात सरासरी १४ टक्के वाढलं. तेव्हा वाढलं तर 'तोंडावर ताबा नाही' असं घरच्यांनी म्हणण्यात काही अर्थ नाही. ताट आणि व्यायाम मात्र भूक शांत आहे तेव्हाच, म्हणजे शेवटच्या डोसच्या दोन-तीन महिने आधी बसवायला घ्या.

१. आधी डॉक्टर

शुगर असेल तर स्वतःच्या मनाने थांबवूच नका. औषध सुटताच साखर चढते आणि दुसरी गोळी आधीच सुरू करावी लागते. वजन उतरल्यावर बीपीची गोळी कमी झाली असेल, तर घरी आठवड्यातून दोनदा बीपी मोजा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद हवं. डोस टप्प्याटप्प्याने उतरवत थांबायचं की एकदम, याचं ठरीव वेळापत्रक औषधाच्या माहितीपत्रकात नाही. बरेच डॉक्टर उतरवत नेतात, कारण प्रत्येक पायरीवर भूक किती वाढली ते दिसतं.

२. तारीख बघून निवडा

सेमाग्लुटाइड शरीरातून पूर्ण जायला पाच ते सात आठवडे लागतात, टिर्झेपेटाइडला साधारण चार. म्हणून पहिले दोन आठवडे 'काहीच फरक नाही' वाटतं आणि माणूस गाफील राहतो. खरी भूक त्यानंतर लागते. ते आठवडे दिवाळीत किंवा एप्रिल-मेच्या लगीनसराईत येऊ देऊ नका. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो, फिरणंही सुटतं. दिवाळीनंतर थांबवलेलं बरं. मध्ये हुरडा आणि येळवस येतात, ते खरं. पण ते एकेका दिवसाचं खाणं आहे, दिवाळीसारखे डबे घरात राहत नाहीत.

३. भाकरीचं पीठ तोला

बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. 'दोनच भाकरी खातो' याला अर्थ नाही, कारण भाकरी केवढी? एका भाकरीचा उंडा करण्याआधी कोरडं पीठ किचन काट्यावर ठेवून बघा. आपल्याकडच्या मोठ्या भाकरीला ९० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे सुमारे ३०० उष्मांक. ६० ग्रॅमची केली तर २००. आठवडाभर तोलून केली की हाताला अंदाज येतो, मग काटा लागत नाही.

दुसरी जागा तेलाची. पिठलं-भाकरीवर, शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं तेल ओतायची सवय आहे. एक छोटी पळी १५ मिली धरली तर सुमारे १२५ उष्मांक झाले, आणि पोट त्याने भरत नाही. चटणी सोडू नका, तेल चमच्याने घ्या. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चारदा झाला तर फक्त साखरेचेच १६० उष्मांक होतात.

४. प्रथिनं: वरण घट्ट हवं

किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज ७० ते ८५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते, त्यातून प्रथिनं मिळतात तीन-साडेतीन ग्रॅम. ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण केलं तर नऊ.

दिवसाचा एक हिशोब असा: दोन अंडी १२, दोन वेळचं घट्ट वरण १८, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी १५, दोन वाट्या दही ७, ६० ग्रॅमच्या दोन भाकरी १२, मूठभर फुटाणे ६. झाले ७०. वड्यांऐवजी शिजवलेलं १०० ग्रॅम चिकन चालेल, त्यात २५ च्या पुढे मिळतात. जेवताना आधी वरण, भाजी, काकडी-मुळा, मग भाकरी.

उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक. दिवसभर निरंकार राहून रात्री भरपूर जेवणं या दिवसांत सगळ्यात महागात पडतं.

५. स्नायू राखा

उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. लिराग्लुटाइड या त्याच जातीच्या जुन्या इंजेक्शनावरच्या डेन्मार्कच्या अभ्यासात, औषधासोबत व्यायाम केलेल्यांनी सगळं थांबवल्यानंतरच्या वर्षात फक्त औषध घेणाऱ्यांपेक्षा वजन चांगलं टिकवलं.

आठवड्यातून दोन-तीनदा: हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याने भरलेला पाच लिटरचा डबा कमरेत न वाकता गुडघ्यातून उचलणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या. सोपं वाटू लागलं की वजन वाढवा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं. वजन टिकवायला २०० ते ३०० लागतात. 'शेतात असतोच की' हे उत्तर मोटारसायकलवरून बांधापर्यंत जाणाऱ्याला लागू नाही.

६. काटा आणि मर्यादा

आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर. शेवटच्या डोसच्या दिवशीचं वजन लिहून ठेवा. पहिल्या महिन्यात एक-दीड किलो वर गेलं तर घाबरू नका. पोटात जास्त अन्न आणि अंगात थोडं पाणी, एवढंच ते बहुधा असतं. वाढ दोन किलोच्या वर जाऊन दोन आठवडे तिथेच राहिली, तर चार दिवस जे खाल ते वहीत लिहा, पीठ-तेल पुन्हा तोला. पाच टक्के वाढली, म्हणजे ७० चे साडेत्र्याहत्तर झाले, तर डॉक्टरांकडे जा. काही जणांना औषध पुन्हा घ्यावं लागतं, कमी डोसवर का होईना.

पुन्हा सुरू करताना जुन्या डोसवरून करू नका. बऱ्याच आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते. एकदम मोठा डोस घेतला तर उलट्या-जुलाब होऊन सलाइन लावायची वेळ येऊ शकते. साधारणपणे सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून आणि टिर्झेपेटाइड २.५ पासून परत चढवत नेतात. फ्रीजमध्ये राहिलेलं अर्धं पेन वापरू नका, उघडल्यावर त्याची मुदत काही आठवड्यांचीच असते. आणि ते मेव्हण्याला तर अजिबात देऊ नका: सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याला चालत नाही.