मांडीवरच्या गिटारीचा षड्ज कोणत्या तारेवर ठेवावा

तानपुरा आणि पेटी ऐकत वाढलेल्या पुण्यातल्या वादकाने लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची) किंवा रेझोनेटर (आत धातूचा शंकू असलेली) गिटार हाती घेतली, की ट्यूनिंगची इंग्रजी अक्षरे पाठ करण्याआधी ती सरगमीत मांडून पाहावीत. षड्ज कोणत्या तारेवर येतो, यावरच बारची, म्हणजे तारांवर सरकवायच्या धातूच्या कांडीची, पुढची सगळी ये-जा ठरते.

सुरुवात ओपन डीने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड तारेपासून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी, म्हणजे पांढरी दोनमध्ये सा, प, सा, ग, प, सा. नेहमीच्या ट्यूनिंगवरून येथे येताना पहिली (सर्वांत बारीक), दुसरी आणि सहावी तार एक पूर्ण स्वर आणि तिसरी अर्धा स्वर उतरवावी लागते. एकही तार चढवायची नसल्याने ती तुटण्याची भीती राहत नाही. प्रत्येक तार इष्ट स्वराच्या किंचित खाली नेऊन मग वर आणावी, म्हणजे खुंटीतील ढिलेपणा निघून जातो. पहिल्या तारेवर षड्ज मिळत असल्यामुळे संपूर्ण सप्तकाची मींड एकाच तारेवर घेता येते, आणि ख्यालाच्या अंगाने वाजवणाऱ्यासाठी याहून मोठी सोय नाही.

गंधाराकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. ट्यूनरच्या काट्याप्रमाणे अचूक लावलेला गंधार तानपुऱ्यासमोर चढा लागतो. तो सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरवला की षड्जात विरघळतो. भीमपलासीसाठी हीच तिसरी तार आणखी अर्धा स्वर उतरवून एफवर आणली, की कोमल गंधार खुल्या तारेवरच मिळतो.

डोब्रोवर, म्हणजे रेझोनेटर गिटारीवर, बहुतेक वादक जी, बी, डी, जी, बी, डी लावतात, म्हणजे पांढरी पाचमध्ये सा, ग, प, सा, ग, प. यात सहावी तार दीड स्वर आणि पाचवी एक स्वर चढते, म्हणून साध्या गिटारीच्या तारा ताणण्याऐवजी रेझोनेटरचा १६ ते ५६ गेजचा (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) संच घ्यावा, आणि तोही चौकोनी मानेच्या वाद्यावरच चढवावा. गोल मानेच्या गिटारीला डी, जी, डी, जी, बी, डी पुरेसे आहे. दोन्हींत पहिल्या तारेवर पंचम असल्याने तिच्यावरचा षड्ज पाचव्या फ्रेटवर सापडतो.

तिसरे ट्यूनिंग सी सिक्स्थ, म्हणजे पांढरी एकमध्ये सा, ग, प, ध, सा, ग. त्यासाठी तारांचा स्वतंत्र संच लागतो. वरच्या तीन तारांवर मायनर कॉर्ड मिळत असल्याने चित्रपटगीतांच्या साथीला ते शोभते, पण रागासाठी खुला धैवत वाजू नये म्हणून ती तार सतत हाताने दाबून धरावी लागते.

ट्यूनिंग कोणतेही असो, लावून झाल्यावर बार बाराव्या फ्रेटच्या तारेच्या बरोबर वर, अजिबात न दाबता टेकवावा आणि तार षड्जाशी ताडून पाहावी. फ्रेटच्या मागे ठेवलेला बार स्वर उतरवतो.