चित्रकाराचा जमाखर्च आणि आयकर

हिशेबाची वही उघडली की बहुतेक चित्रकार आधी खर्चाच्या पावत्या शोधू लागतात, पण चूक होते ती जमेच्या बाजूला. समजा, एका प्रकाशकासाठी वर्षभरात प्रत्येकी १०,००० रुपयांची सहा मुखपृष्ठे केली. एकूण मानधन ६०,००० झाले, प्रकाशकाने त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापला आणि खात्यात ५४,००० आले. पासबुकावरून वही लिहिणारा माणूस जमेला ५४,००० मांडतो आणि निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्याचे उत्पन्न ६०,००० आहे, आणि कापलेले ६,००० हा त्याच्या नावावर आगाऊ भरला गेलेला कर आहे. विवरणपत्रात एकीकडे ५४,००० उत्पन्न दाखवून दुसरीकडे ६,००० चा टीडीएस मागितला, तर आयकर खात्याच्या नोंदीशी तो हिशेब जुळत नाही आणि पुढे नोटिशीला उत्तर देत बसावे लागते.

हाच नियम कलादालनातील विक्रीलाही लागू पडतो. चित्र ८०,००० ला विकले गेले आणि दालनाने आपले २५,००० कमिशन वळते करून ५५,००० पाठवले, तर जमेला ८०,००० आणि खर्चाला २५,००० अशा दोन नोंदी हव्यात. नफा दोन्ही रीतींनी तेवढाच निघतो हे खरे, पण जीएसटी नोंदणीची मर्यादा ठरते ती एकूण उलाढालीवर, नफ्यावर नाही. सेवांसाठी ही मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे आणि महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यासाठी ४० लाख.

वही साधी असली तरी चालते. तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, कशासाठी, बिल क्रमांक, पूर्ण रक्कम, कापलेला टीडीएस आणि हाती आलेली रक्कम एवढे रकाने असलेला रोजमेळ संगणकावर किंवा कागदावर ठेवावा आणि दर रविवारी अर्धा तास त्यासाठी काढावा. कामाच्या पैशांसाठी बँकेत वेगळे खाते ठेवणे हा यातला सर्वांत फायद्याचा उपाय आहे, कारण किराणा, मुलांची फी आणि रंगांचे बिल एकाच यूपीआय यादीत मिसळले की मार्चमध्ये ते निवडत बसण्यापेक्षा नवे चित्र काढणे सोपे वाटते.

प्रत्येक कामाचे बिल द्यावे, त्याला सलग क्रमांक असावा आणि त्यावर आपला पॅन ठळक छापावा. माझ्या एका बिलावरून पॅन उतरवून घेताना समोरच्या कार्यालयात एक अक्षर चुकले आणि माझा टीडीएस भलत्याच माणसाच्या नावावर जमा झाला. त्यांनी दुरुस्तीचे विवरण भरेपर्यंत सात महिने गेले. तेव्हापासून दर तिमाहीनंतर आयकर संकेतस्थळावरील २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची यादी) आणि वार्षिक माहिती विवरण उघडून मी प्रत्येक कपात आपल्या वहीशी पडताळतो. चूक त्याच वर्षात सापडली तर एका फोनवर काम होते.

मानधन उशिरा मिळणे हा आपल्या धंद्याचा स्थायीभाव असल्याने आणखी एक पेच येतो. देणाऱ्याने मार्चअखेर तुमचे मानधन आपल्या पुस्तकात जमा धरून टीडीएस भरला, पण पैसे तुम्हाला मे महिन्यात दिले, तर उत्पन्न कोणत्या वर्षाचे? याचे उत्तर तुम्ही हिशेबाची कोणती पद्धत पाळता यावर अवलंबून आहे. रोख पद्धतीत पैसे मिळाले त्या वर्षी, व्यापारी पद्धतीत हक्क निर्माण झाला त्या वर्षी उत्पन्न धरतात. एकट्याने काम करणाऱ्या कलाकाराला माझ्या मते रोख पद्धतच सोयीची, कारण न मिळालेल्या पैशांवर कर भरण्याची पाळी येत नाही. मात्र निवडलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवावी लागते. वरच्या उदाहरणात टीडीएसचे श्रेयही, म्हणजे तो आपल्या करातून वळता करून घेणेही, उत्पन्नासोबत पुढच्या वर्षी न्यायचे असते आणि विवरणपत्राच्या टीडीएस तक्त्यात त्यासाठी रकाना दिलेला आहे.

खर्चात रंग, कागद, कॅनव्हास, फ्रेमिंग, दालनाचे भाडे, प्रवास, कुरिअर, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि सीएची फी हे सगळे येते. घरातल्याच खोलीत काम होत असेल तर प्रमाण काढावे: ७०० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरात १४० चौरस फुटांची खोली कामाला असेल, तर भाड्याचा आणि विजेचा पाचवा हिस्सा खर्चात धरता येतो. संगणकाची किंमत एकदम वजा होत नाही, त्यावर वर्षाला ४० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेल्या किमतीची वजावट, मिळतो, आणि त्या वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्माच. डिसेंबरात घेतलेल्या ८०,००० च्या संगणकावर म्हणून पहिल्या वर्षी १६,००० वजा होतात. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फ्रेमवाल्याला १८,००० रोख मोजले, तर तो खर्च खरा असूनही आयकरात धरला जात नाही, कारण एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख देऊन केलेला खर्च कायदा नामंजूर करतो.

नव्या कर प्रणालीत असे खर्च वजा होत नाहीत हा गैरसमज फार पसरला आहे. तिथे विमा, पीपीएफ यांसारख्या वैयक्तिक गुंतवणुकीच्या सवलती मिळत नाहीत. व्यवसायाचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो.

‘निम्मे उत्पन्न दाखवा आणि मोकळे व्हा’ हा सल्लाही तपासून घ्यावा. १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीएखाली एकूण जमेच्या किमान ५० टक्के नफा गृहीत धरता येतो, पण ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. त्या यादीत चित्रपट कलाकार या नावाखाली अभिनेते, कॅमेरामन, कलादिग्दर्शक, गायक, गीतकार, वेशभूषाकार येतात आणि आंतररचनाकारही आहेत. स्वतंत्र चित्रकार किंवा शिल्पकाराचे नाव मात्र त्यात नाही. त्यामुळे आपले काम कोणत्या गटात बसते हे सीएकडून लेखी घ्यावे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

२०२५-२६ च्या उत्पन्नासाठी नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. तरीही विवरणपत्र भरावेच, कारण वर्षभर कापला गेलेला दहा टक्के टीडीएस त्याशिवाय परत मिळत नाही. उलट टीडीएस वजा जाता १०,००० किंवा अधिक कर निघणार असेल, तर तो अग्रिम कर म्हणून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना हप्त्यांनी भरावा, नाहीतर व्याज लागते. महाराष्ट्रात स्वयंरोजगार असलेल्यांना वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय करही असतो. तो भरल्यावर खर्चात धरता येतो.

ज्यांना हिशेबपुस्तके ठेवणे बंधनकारक आहे त्यांनी ती संबंधित करनिर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचे आर्थिक वर्ष) संपल्यावर सहा वर्षे जपायची असतात, म्हणजे २०२५-२६ ची कागदपत्रे ३१ मार्च २०३३ पर्यंत. रंगांच्या दुकानातील पावत्या बहुधा थर्मल कागदावर असतात आणि पावसाळाभर फाइलीत राहिल्या की कोऱ्या होतात, म्हणून दुकानाच्या पायरीवरच त्यांचा फोटो काढून घ्यावा.