प्रॉडक्शनवर सरकारी मर्यादा आली म्हणजे लीज वाचली? या चुका टाळा

मुंबईत बसून टेक्सासच्या तेल-गॅस लीज (जमिनीतलं तेल-गॅस काढायला कंपनीशी केलेला करार; मूळ मुदत उलटली की तो सहसा फायद्याचं प्रॉडक्शन चालू असेपर्यंतच टिकतो) तपासणारे बरेच जण आहेत, आणि नवीन मुलं एक चूक हमखास करतात: तिथल्या सरकारी कमिशनची प्रॉडक्शनवर मर्यादा घालणारी ऑर्डर दिसली की शेऱ्यात 'सरकारी मर्यादा, लीज सेफ' लिहून मोकळी होतात. असं करू नका प्लीज, समोरच्याची अख्खी लीज जाऊ शकते.

याचं मूळ बहुतेक आपल्या मुंबई हायच्या सवयीत आहे. तिथे तेलही सरकारचं आणि लीज देणारंही सरकारच. टेक्सासमध्ये लीज देणारा बऱ्याचदा खासगी जमीनमालक असतो आणि मर्यादा घालतं रेलरोड कमिशन (नाव रेल्वेचं, काम तेल-गॅसचं), म्हणजे मर्यादा घालणारा करारात नाहीच, मग त्याच्या ऑर्डरने मालकाशी झालेला करार आपोआप कसा बदलेल?

पहिलं बघा, विहीर बंद झालीय की नुसतं प्रॉडक्शन कमी झालंय. कमी झालं असेल तर चालू खर्च भागून काही उरतंय का ते तपासा, आणि एका वाईट महिन्यावरून निकाल देऊ नका, १९५९ च्या क्लिफ्टन विरुद्ध कून्ट्झ केसपासून तिथली कोर्टं वाजवी काळाचा हिशोब बघतात.

पूर्ण बंद असेल तर फोर्स मेजरचा क्लॉज (हाताबाहेरच्या कारणाने काम अडलं तर सूट देणारं कलम) शब्दन् शब्द वाचा. सरकारी ऑर्डर त्यात लिहिलीय का, आणि काम खरंच त्या ऑर्डरमुळेच अडलं का? २०२० मध्ये भाव कोसळले तेव्हा कमिशनने मर्यादेवर सुनावणी घेतली पण मे महिन्यात विषय सोडून दिला, त्यामुळे त्या काळात टेक्सासमध्ये भाव पडले म्हणून ज्यांनी विहिरी बंद केल्या त्यांच्या फाइलवर 'सरकारी ऑर्डर' लिहिणं सरळ चुकीचं आहे. नुसता भाव पडणं सहसा फोर्स मेजरमध्ये बसत नाही.

शट-इन रॉयल्टी (विहीर बंद असताना लीज टिकवायला मालकाला द्यायचे पैसे) भरली की झालं, हा दुसरा गैरसमज. हा क्लॉज बऱ्याचदा फक्त गॅसच्या विहिरीला असतो, तेलाच्या नाही, आणि विहीर बंद करताना ती प्रॉडक्शन द्यायला सक्षम असावी लागते. पैसे उशिरा गेले तर मूळ मुदत उलटून गेलेली लीज नोटिशीशिवायही संपू शकते, म्हणून विहीर बंद झाल्याची तारीख आणि पेमेंटची शेवटची तारीख शीटमध्ये शेजारी-शेजारी टाका आणि शंका आली तर तिकडच्या वकिलाला त्याच दिवशी मेल करा.