मुलांमधील मायलिनदाह किती आढळतो: आकडा कसा वाचावा

मेंदूतील मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते आणि शरीराचीच प्रतिकारशक्ती त्यावर उलटली की दाह होऊन ते नष्ट होऊ लागते. मुलाच्या रिपोर्टवर अशा आजाराचे नाव वाचल्यावर पालक विचारतात की हे किती मुलांना होते. कॅनडा आणि ब्रिटनमधील पाहण्यांत दरवर्षी लाख मुलांमागे साधारण एका मुलाला अशा आजाराचा पहिला झटका (म्हणजे त्याची लक्षणे प्रथमच उद्भवणे) आल्याचे दिसले. हा आकडा त्या वर्षातील नव्या रुग्णांचा आहे, आजारासह जगणाऱ्या सर्वांचा नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे.

2011 च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे 24 लाख होती. त्यातील एक तृतीयांश मुले धरून हाच दर लावला, तर वर्षाला आठेक नवे रुग्ण निघतात. दर परदेशी असल्याने हा अंदाज ढोबळच मानावा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे मेडिकलच्या वॉर्डात, एकाच वेळी दोन-तीन मुले दिसली म्हणून शहरात साथ आली असे समजू नये, कारण तिथे गोंदिया, यवतमाळपासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात.

त्यानंतर नेमका आजार कोणता, हे डॉक्टरांना विचारावे, कारण पुढचे बरेच काही त्यावर ठरते. लहान वयात अधिक आढळणारा अ‍ॅडेम (मेंदू व मज्जारज्जूचा अचानक होणारा, पसरलेला दाह) बहुधा एखाद्या संसर्गानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत उद्भवतो आणि बहुतेक मुलांत पुन्हा होत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मायलिनचा दीर्घकालीन आजार पुन्हा पुन्हा उद्भवतो, पण त्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम तीन ते पाच जणांत तो अठराव्या वर्षाआधी सुरू होतो, तोही प्रायः किशोरवयात. पहिला झटका आलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात मॉग या मायलिनवरील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. ती तपासणी झाली का, हे विचारावे आणि प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) बदलण्याचे ठरले असेल तर रक्ताचा नमुना त्याआधीच घेतला जाईल असे पाहावे, कारण प्लाझ्मासोबत प्रतिपिंडेही निघून जातात.

दर कमी आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करणे मात्र चुकीचे ठरेल. ताप असलेले मूल गुंगू लागले, चालताना तोल जाऊ लागला, एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मुलांत मेंदूज्वर घडवणारा चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातच प्रथम सापडला आणि विदर्भात स्क्रब टायफस हा सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून होणारा तापही आढळतो. त्यामुळे येथील डॉक्टर आधी संसर्गाचा विचार करतात आणि एमआरआय व पाठीतील पाण्याची तपासणी होईपर्यंत त्यावरचे उपचार सुरू ठेवतात, याला गोंधळ समजू नये.

लशीमुळे असा दाह होतो, ही भीतीही येथेच तपासून घ्यावी. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या रेबीज लशीने काहींना असा दाह होत असे, परंतु ती भारतात केव्हाच बंद झाली असून आजच्या लशीत मेंदूची ऊती नसते; कुत्रा चावल्यावर ती टाळणे हाच खरा धोका आहे.

घरी सोडताना एमआरआयची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्यावे, झटक्याची तारीख लिहून ठेवावी आणि तीन महिन्यांनंतर नवे लक्षण दिसल्यास ही सर्व कागदपत्रे घेऊन त्याच डॉक्टरांकडे जावे, कारण तेव्हा निदानाचा फेरविचार करावा लागतो.