स्कोपला शिव्या देण्याआधी त्याच्या खालचे स्क्रू बघा

एकदा अख्खी दुपार मी रायफलवरच्या स्कोपचे, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचे, नॉब फिरवण्यात घालवली. १०० यार्डावर ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, दोन इंच डावीकडे पडतोय म्हणून आठ क्लिक उजवीकडे दिले, तर पुढचा ग्रुप वर गेला, तो खाली घेतला तर परत डावीकडे. शेवटी स्कोपच गेला कामातून असं ठरवून टाकलं, घरी येऊन काढला आणि खाली बघतो तर बेसचा, म्हणजे रायफलवर बसवलेल्या खालच्या पट्टीचा, मागचा स्क्रू बोटाने फिरत होता. बोटाने! रिंगचे, म्हणजे स्कोपला धरणाऱ्या कड्यांचे, स्क्रू मी दर वेळी चेक करायचो कारण ते वर दिसतात, बेसचे बिचारे स्कोपच्या पोटाखाली लपलेले, तिकडे कोण बघतंय.

आता एवढासा स्क्रू सैल झाला तर काय होतं, असं वाटत असेल तर साधा हिशोब करा. दोन रिंगांमध्ये साधारण १० सेंटीमीटर अंतर धरा, आणि त्यातली एक रिंग फक्त ०.१ मिलिमीटर सरकली, म्हणजे कागदाच्या जाडीएवढी, तर १०० मीटरवर शॉट १० सेंटीमीटर बाजूला जातो. डोळ्याला काही दिसणार नाही, हाताने हलवून बघितलं तरी कळणार नाही, टार्गेटवर मात्र वाट लागलेली असते.

तर काम खालून वर करायचं. आधी बेस, मग रिंग, मग स्कोप. खालचं सैल आणि वरचं घट्ट याला काही अर्थ नाही.

सगळ्यात आधी रायफल रिकामी करा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि बोट घालूनही बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग जुनं सगळं खोलून काढा, हो सगळं, दुकानातून बसवून आलेलं असलं तरी. दुकानात कोणी कसं पिळलंय ते आपल्याला माहीत नसतं. स्क्रू, स्क्रूची भोकं, बेसचा तळ, रिंगची आतली बाजू, हे सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. नव्या बंदुकीवर गंज लागू नये म्हणून तेल असतं आणि माझ्या मते निम्मे माउंट (म्हणजे बेस आणि रिंगा मिळून) त्या तेलामुळेच सरकतात. भोकात कापसाची काडी फिरवा, किती काळं निघतं बघा.

बेसचे स्क्रू लावताना एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे लांबी. पुढचा स्क्रू जास्त लांब असेल तर तो आत बॅरलच्या आट्यांवर किंवा बोल्टवर (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यावर) जाऊन टेकतो, मग आपल्याला वाटतं मस्त घट्ट बसला, पण तो बेसला दाबतच नसतो. म्हणून प्रत्येक स्क्रू एकेकटा लावून बघा, तो एकटा बेसला घट्ट धरतो का आणि बोल्ट अडकल्याशिवाय पुढेमागे जातो का. इथे निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, एक थेंब चालतं, २४ तास सुकू द्या. लाल अजिबात नको, ते सोडवायला चांगलंच तापवावं लागतं आणि ते आपल्याला बंदुकीवर करायचं नाहीये.

आता टॉर्क, म्हणजे स्क्रू किती जोराने पिळायचा ते. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, तुमचाही नसावा. ॲलन कीचा लांब दांडा धरला की कोणीही पैलवान होतो. इंच-पाउंडवाला छोटा टॉर्क ड्रायव्हर घ्या, स्कोपच्या किमतीपुढे तो काहीच नाही. बेसच्या स्क्रूंना साधारण २० ते २५ इंच-पाउंड, रिंगच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८, म्हणजे जेमतेम २ न्यूटन-मीटर. रिंग रेलवर (खाचा असलेल्या बेसवर) पकडणारा मोठा नट असेल तर काही कंपन्या ६५ पर्यंत सांगतात, काही बऱ्याच कमी. माउंटच्या पाकिटातल्या कागदावर जो आकडा असेल तोच खरा, माझा नाही. आणि थ्रेडलॉकर ओलं असताना ते वंगणासारखं काम करतं, तेवढ्याच टॉर्कला स्क्रू जास्त पिळला जातो, म्हणून कोरड्याचा आकडा ओल्याला जसाच्या तसा लावू नका.

रिंग रेलवर ठेवताना नुसती ठेवून आवळू नका. पिकाटिनी नावाच्या ठरावीक मापाच्या रेलच्या खाचा ५ मिलिमीटरपेक्षा थोड्या रुंद असतात आणि रिंगचा आडवा बोल्ट त्यात थोडा खुळखुळतो. शॉट सुटला की रायफल मागे येते आणि स्कोप आपल्या वजनाने जागच्या जागी राहायला बघतो, म्हणजे रेलच्या मानाने तो पुढे सरकतो. मग त्याला आधीच पुढे नेऊन ठेवायचा. रिंग बॅरलच्या तोंडाकडे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा, तसंच धरून नट आवळा. दहा सेकंदांचं काम आहे आणि बहुतेक लोक करत नाहीत.

स्प्रिंगवाली एअर रायफल असेल तर मात्र गणित उलटं. तिला दोन झटके असतात, आधी मागे, मग पिस्टन पुढे जाऊन आपटला की पुढे, आणि हा दुसरा झटका स्कोपला मागे सरकवतो. म्हणून तिथे माउंटच्या मागे स्टॉप लागतो, किंवा माउंटमधली पिन बंदुकीच्या वरच्या भोकात बसवायची. छर्रे मारणारी बंदूक आहे, तिला काय होणार, म्हणून साधा माउंट लावला की छर्ऱ्यांच्या दोन डब्यांत स्कोप डोळ्यापर्यंत येतो.

मग स्कोप रिंगमध्ये ठेवा, वरच्या कॅप नुसत्या टेकवा, स्कोप हाताने सरकला पाहिजे. सगळ्यात जास्त झूमवर डोळा लावून पुढेमागे करा, काळी कड न दिसता पूर्ण गोल दिसला की थांबा. ट्यूब जिथे फुगत जाते तिथे किंवा नॉबच्या डब्याला चिकटून रिंग येऊ देऊ नका. क्रॉसहेअर सरळ करायला समोर दोरीला वजन बांधून लटकवा, बंदूक लेव्हलमध्ये ठेवा आणि उभी रेघ दोरीवर आणा.

आता आवळणं, आणि इथेच घाई नडते. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर स्कोप गोल फिरतो, सरळ केलेली रेघ वाकडी. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून, पाव-पाव फेरा, आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत जा. काही रिंगा एका बाजूने पूर्ण बंद करायच्या असतात, ते कागदावर लिहिलेलं असतं. रिंगच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर मी लावत नाही, आटे स्वच्छ आणि टॉर्क बरोबर असेल तर गरज पडत नाही. आणि सरकतोय म्हणून अजून आवळू नका, ट्यूब दबते, आतलं फिरणारं जड होतं आणि क्लिक नीट बसत नाहीत. सरकत असेल तर तेल राहिलंय किंवा रिंगा एका रेषेत नाहीत. स्कोप काढल्यावर ट्यूबवर अर्धचंद्रासारखा चकचकीत ओरखडा दिसला तर दुसरं कारण समजा.

सगळं झालं की नेलपॉलिशने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून बाजूच्या धातूवर एक बारीक रेघ ओढा, आणि ट्यूब रिंगमधून बाहेर येते तिथेही एक. घरातून कोणाची तरी लाल बाटली पळवावी लागेल, विचारून घ्या. पहिल्या २० शॉटनंतर बघा, रेघा जुळतायत का. मग झीरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळवलेली सेटिंग, हललं असं वाटलं की नॉबला हात लावायच्या आधी रेघा बघायच्या. रेघ तुटली असेल तर स्क्रू, नसेल तर स्टॉकमध्ये (दस्त्यात) रायफल धरणारे खालचे दोन स्क्रू तपासा, तेही सैल झाले की लक्षणं अगदी हीच, आणि तेही घट्ट असतील तर दुसरा स्कोप चढवून पाच शॉट मारून बघा.