शांतिसेनेला गुण कसे द्यायचे

बारावीच्या राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिका मी एकोणतीस वर्षं तपासल्या. ‘संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न आला की पोरं तीन यशं, तीन अपयशं लिहून मोकळी. रवांडा कायम अपयशाच्या रांगेत. ते चूक नाही, पण अपयश कोणाचं, असं विचारलं की वर्ग चिडीचूप.

म्हणून निकाल लावण्याआधी सुरक्षा परिषदेचा ठराव काढा, इंटरनेटवर मिळतो. त्यातली क्रियापदं अधोरेखित करा: ‘देखरेख करणे’ आहे की ‘नागरिकांचे संरक्षण करणे’? शेजारी सैनिकांचा आकडा लिहा. आफ्रिकेतल्या रवांडात १९९३ च्या ठरावाने साधारण अडीच हजार सैनिक दिले, तेही सरकार आणि बंडखोरांत झालेला करार पाळला जावा एवढ्यासाठी. जानेवारी १९९४ मध्ये तिथल्या शांतिसेनेचे सेनापती रोमिओ दालेर यांनी न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य कचेरीला कळवलं की शस्त्रसाठ्यांचा पत्ता लागलाय, छापा घालतो. उत्तर आलं, नको. एप्रिलमध्ये, मुख्यतः तुत्सी जमातीच्या लोकांची, कत्तल सुरू झाली. बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले, बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली आणि २१ एप्रिलला परिषदेने संख्या २७० वर आणायचं ठरवलं. शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं गेली. आता गुण कापा, पण कोणाचे ते लिहून कापा. तिथे थांबलेल्या सैनिकांचे, न्यूयॉर्कच्या कचेरीचे, की ठरावाला हात वर करणाऱ्या देशांचे? मी सगळ्यात जास्त या देशांचे कापते.

मग बघा, राखायला मुळात शांतता होती का. नामिबियात १९८९ मध्ये तिथे राज्य करणारी दक्षिण आफ्रिका निघून जायला राजी झाली होती. सेनापती आपले देवान प्रेमचंद. पहिल्याच दिवशी, १ एप्रिलला, सीमेवर चकमकी पेटल्या. तरी नोव्हेंबरात निवडणूक पार पडली आणि २१ मार्च १९९० ला देश स्वतंत्र झाला. पैकीच्या पैकी द्या, फक्त पेपर सोपा होता असं समासात लिहा.

सायप्रसला मी अर्धेच गुण देते. तिथे ग्रीक आणि तुर्की सायप्रियट लोकांच्या भांडणात १९६४ पासून सेना आहे. जनरल थिमय्या तिचे सेनापती असतानाच १९६५ मध्ये तिथे वारले. निकोसियाचा जुना विमानतळ १९७४ पासून दोन्ही बाजूंच्या मधल्या, शांतिसेनेच्या ताब्यातल्या पट्ट्यात ओस पडलाय, एक विमान अजून तिथेच उभं आहे. सेना आहे म्हणून गोळीबार होत नाही, आणि गोळीबार होत नाही म्हणून तडजोडीची कोणाला घाई नाही. दोन्ही खरं.

माझा एक विद्यार्थी फौजेत गेला, काँगोत गोमाच्या बाजूला होता. ते शहर २०१२ मध्ये शांतिसेना हजर असताना बंडखोरांनी घेतलं. तो सुट्टीवर आला तेव्हा मी सरळच विचारलं, ‘मग तुम्ही केलंत काय रे?’

तो म्हणाला, ‘मॅडम, बाजाराच्या दिवशी आम्ही रस्त्यावर गाडी लावून उभे राहायचो. बाया कोळशाची पोती घेऊन जायच्या. आम्ही नसलो की घरातून निघायच्याच नाहीत.’

तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना जास्त आहे. तुम्हीही आखा: बाजार भरला का?